ओला पारा

वैजयंती केळुस्कर खारवलीच्या स्टँडवर उतरली तेव्हा पहिल्या रिक्षावाल्याने तिला ओळखलं आणि रिक्षा पुढे काढली. दुसरा तोंडावरच म्हणाला, "मॅडम, तुम्ही चालत जा. गेल्या मे महिन्यात तुमच्यामुळे आमचा अख्खा सीझन झोपला."

ती बॅग खांद्याला अडकवून बंदराच्या रस्त्याने मोठ्या बहिणीच्या घराकडे चालू लागली. याच गावात ती वाढली होती. तिला पीएच.डी. मिळाली तेव्हा याच स्टँडवर तिच्या फोटोचा बॅनर लागला होता. आता गावात तिचं नाव कुलूपबाई पडलं होतं.

पुण्यातल्या ज्या संस्थेत ती काम करत होती तिथल्या गटाने एक यंत्रणा उभी केली होती. अरबी समुद्रात, कोकण किनाऱ्याला समांतर, शेकडो तरंगती उपकरणं सोडलेली होती. पाण्याचं तापमान, वरच्या हवेतली वाफ आणि वारा ती मोजत राहत. त्यावरून किनाऱ्यावरच्या एकेका गावाला काही दिवस आधीच सांगता येई, की दमट उष्णतेची जीवघेणी लाट इथे येण्याची शक्यता किती आहे. यंत्रणेच्या पहिल्याच उन्हाळ्यात खारवलीसाठी एका शनिवारचं उत्तर आलं होतं, दहात सहा. प्रशासनाने बाजार, हॉटेलं, किनारा, सगळं बंद ठेवलं. पर्यटक परत गेले. आणि आयत्या वेळी वारा फिरला. तो शनिवार छान गेला. दहात सहा म्हणजे दहात चार वेळा लाट येणारही नाही, हे वैजयंतीने प्रत्येक वाहिनीवर सांगितलं होतं. नेमकं तेवढं वाक्य कापून बाकीची मुलाखत दाखवली गेली.

या वर्षी आकडा दहात आठ होता. आणि ज्या रविवारसाठी तो होता, त्या रविवारी भर दुपारी खारवली चषक कबड्डी स्पर्धेचे अंतिम सामने होते.

वैजयंतीची बहीण ऋजुता परब गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ तिने शून्यातून उभा केला होता आणि तो संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. तिचा नवरा तुषार स्पर्धा समितीचा अध्यक्ष होता. सासरे अप्पा परब एके काळी या किनाऱ्यावरचे गाजलेले चढाईपटू. ऐंशीच्या घरात होते, तरी रोज सकाळी मैदानावर एक फेरी मारून येत.

जेवताना वैजयंतीने विषय काढला. "भावोजी, सामने पहाटे घ्या, नाहीतर पुढे ढकला. एवढंच सांगायला आलेय."

"वेळ माझ्या हातात नाही," तुषार म्हणाला. "संध्याकाळी क्रिकेट असतं, तेव्हा कबड्डी कोण दाखवणार? आणि मंत्रीसाहेब दुपारीच मोकळे आहेत."

"उन्हाळो म्हटल्यावर उकाडतला गो," अप्पा हसून म्हणाले. "आमी काय कमी उन्हाळे बघितले?"

"असले नाही बघितलेत, अप्पा. तुमच्या वेळी समुद्र एवढा तापत नव्हता." वैजयंतीने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून पाझरलेलं पाणी सुकतं, सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. पण पावसाळ्यात माठ गार होतो का?"

"नाय होणा."

"कारण हवेत आधीच ओल असते, पाणी सुकत नाही. माणसाच्या घामाचंही तसंच. आम्ही तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतो. फडकं सुकत असेल तर पारा खाली येतो. हवेत वाफ भरलेली असेल तर तो खाली येतच नाही. हा ओला पारा एकतीसच्या वर गेला की धडधाकट माणूसही फार वेळ टिकत नाही. घाम येतो, पण सुकत नाही. अंग आतून तापत जातं. रविवारी तो तेहतीसला जाईल असा अंदाज आहे. मांडवात हजारो माणसं श्वास सोडत बसली की आणखी वर."

"म्हणजे आमी पावसाळ्यातले माठ," अप्पा म्हणाले.

तुषार मात्र हसत नव्हता. त्याने नीट विचारलं, "पंखे वाढवले तर?"

"हवाच अंगापेक्षा गरम असेल तर पंखा तीच हवा अंगावर मारतो."

"आणि एसी?"

"एसी हवेतली वाफ काढतो. बंद खोलीत एसी असेल तर आतली माणसं वाचतील. पण मांडवाला एसी कसा लावणार?"

तुषारने मान हलवली आणि ताटावरून उठला. त्याला सगळं कळलं आहे असं ऋजुताला वाटलं. त्या क्षणी तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो समितीच्या पत्रकार परिषदेत माईकसमोर म्हणाला, "माझी मेहुणी हुशार आहे, पण घाबरट आहे. खारवलीची माणसं घाबरट नाहीत. सामने ठरल्या वेळीच होतील." टाळ्या पडल्या. प्रशासनाने एकदा हात पोळून घेतले होते. या वेळी त्यांनी बंदीचा आदेश काढला नाही. नागरिकांनी काळजी घ्यावी, अशा एका ओळीचा सल्ला काढून ते मोकळे झाले.

वैजयंतीला जिल्ह्यातल्या एका लोकप्रिय वाहिनीने चर्चेला बोलावलं. समोर बसवलेले गृहस्थ स्वतःला हवामानाचे स्वतंत्र अभ्यासक म्हणवत. त्यांनी आयुष्यात हॉटेलं बांधण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. ते म्हणाले, हवामान बदल हा धंदा आहे, परदेशातून निधी येतो, घाबरवलं नाही तर यांची दुकानं बंद पडतील. वैजयंती उत्तर द्यायला गेली तर निवेदकाने तिला थांबवलं.

"डॉक्टर, प्रेक्षकांना साधं उत्तर हवंय. रविवारी लाट येणार, हो की नाही?"

"दहात आठ."

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

"गाडीचे ब्रेक दहात आठ वेळा लागणार नाहीत असं मेकॅनिकने सांगितलं, तर तुम्ही त्या गाडीत मुलांना बसवाल का?"

निवेदक हसला आणि जाहिरातींकडे वळला.

घरी ऋजुता फोनवर हे बघत होती. तिला बहिणीचा राग आला, आणि तो राग का आला याचाही राग आला. गेल्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत तिच्या टेबलावर कुणीतरी खरंखुरं कुलूप आणून ठेवलं होतं. ती काही बोलली नव्हती. तिला या गावात राहायचं होतं.

वैजयंती परत आल्यावर ती म्हणाली, "वैजू, माझ्या मुलींनी वर्षभर घाम गाळलाय. तू परत चुकलीस तर तू पुण्याला जाशील. मला इथे तोंड दाखवायचंय."

"चुकले तर मी पेढे वाटेन, ताई." वैजयंती दमलेली दिसत होती. "मला बरोबर ठरायची हौस नाहीये. मी फक्त जे दिसतंय ते सांगतेय. तू तुझ्या मुलींना उतरवायचं की नाही, ते तू ठरव."

मग तिने एकटीने होईल तेवढं केलं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या सांगून ठेवल्या, मासळी ठेवायचे मोठे निळे टब मागून आणले आणि मैदानाशेजारच्या शाळेच्या पडवीत मांडून ठेवले. टब देताना कोळणींनी तिची थट्टा केली, पण टब दिले.

रविवारी समुद्र तेलासारखा स्थिर होता. मांडवाच्या खांबांवरचे झेंडे लोंबत होते. ऋजुता मुलींना घेऊन मैदानावर आली तेव्हा जाणवलं, की घाम येतोय आणि अंगावरच राहतोय. कर्णधार सोनल तांडेल मैदानाला दोन फेऱ्या मारून आली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. ही मुलगी एरवी दमायची नाही.

"पाणी प्यायलीस?"

"पोट भरून. तरी कसंतरीच होतंय."

संघाची नावं द्यायला ऋजुता व्यासपीठाकडे गेली. मागच्या बाजूला एक पांढरी बंद केबिन उभी होती, कंटेनरची असते तशी, काचेची मोठी खिडकी मैदानाकडे तोंड केलेली. बाहेर दोन यंत्रं घरघरत होती. शेजारी उभ्या असलेल्या मांडववाल्याला तिने विचारलं, हे काय आहे.

"मान्यवर कक्ष. परबसाहेबांनी गुरुवारीच मागवली, रत्नागिरीवरून."

वैजयंती जेवायला बसली होती ती बुधवारी.

तिने दार उघडलं. आतून गार, कोरडी हवा अंगावर आली. मंत्री अजून यायचे होते. प्रायोजक होते, वाहिनीचे मालक होते, ते हवामानाचे स्वतंत्र अभ्यासकही होते, हातात थंड सरबत. तुषार लगबगीने बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"गार हवा जाते, ऋजुता."

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं? मंत्री येतायत, त्यांची सोय नको करायला?"

"तू वैजूला सगळ्या गावासमोर घाबरट म्हणालास. आणि तिने जे सांगितलं तेच, जसंच्या तसं, यांच्यासाठी केलंस."

"हळू बोल."

"अप्पा कुठे आहेत?"

"पहिल्या रांगेत. मी सांगितलं आत बसा, ऐकत नाहीत. म्हणतात, कबड्डी काचेतून बघायची नसते."

"मग सामना थांबव."

"आता?" त्याने मांडवाकडे हात केला. सगळा मांडव माणसांनी भरला होता. बायका, मुलं, सुट्टीला आलेली माणसं, सगळे हातातल्या कागदांनी वारा घेत होते. "आता थांबवलं तर मला फाडून खातील."

ऋजुता तशीच पंचांच्या टेबलाकडे गेली आणि आपला संघ खेळणार नाही असं सांगितलं. सामन्याच्या समालोचकाने आधी तिच्याकडे बघितलं, मग माईकवर जाहीर केलं. सगळा मांडव एकदम ओरडला. कुणीतरी कुलूप, कुलूप असा घोष सुरू केला. दोन-तीन बाटल्या मैदानात आल्या. ती वाकून अप्पांना म्हणाली, "चला माझ्याबरोबर." त्यांनी तिचा हात बाजूला केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मैदान सोडून जातंस? परबांची सून?" ते म्हणाले. ती आणखी काही बोलणार तोच मुलांचा सामना सुरू झाल्याची शिट्टी झाली आणि त्यांनी तोंड फिरवलं. मुलींना तिथून काढायचं होतं. ती गेली.

पडवीत सोनल रडत होती. "मॅडम, आम्ही परत कधी फायनलला येणार? तुम्ही आम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"नाही विचारलं. माझा राग कर. पण इथून हलू नकोस."

सोनल रडत असतानाच मैदानावर पहिला खेळाडू पडला. चढाईला गेला आणि मध्यरेषेवर गुडघ्यांवर बसला. लोकांना वाटलं डाव टाकतोय, ते हसले. मग तो आडवा झाला. त्याला उचलायला आलेला पंच त्याच्या शेजारी पडला. त्यानंतर मांडवात इथे एक, तिथे एक अशी माणसं खुर्च्यांवरून घसरू लागली. कुणी किंचाळत नव्हतं. शुद्धीवर असलेली माणसंही वेड्यासारखी बोलत होती, भलतीकडे चालत होती. दारं दोनच होती आणि गर्दीतली वाफ मांडवाच्या प्लास्टिकखाली कोंडली होती.

"टबात बर्फ टाका, पाणी भरा," पडवीतून वैजयंती ओरडली. "अंग तापलंय आणि बोलणं बरळतंय, असे आधी. गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा, डोकं वर धरा."

मुली धावल्या. एरवी चढाईपटूंना जमिनीला खिळवणाऱ्या हातांनीच त्यांनी माणसं उचलून आणली. सोनलने त्या पहिल्या खेळाडूला एकटीने खांद्यावर घेतलं. कोळणी बर्फाच्या लाद्या ओढत आल्या. एकेक माणूस टबात पडायचा, थरथरायचा, हळूहळू डोळे उघडायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. मध्येमध्ये आळीपाळीने मुलींनाही वैजयंती पाण्यात बसवत होती.

ऋजुता अप्पांना शोधत मांडवात शिरली. ते पहिल्या रांगेत खुर्चीतच होते, ताठ, मैदानाकडे तोंड करून. अंग सुकं आणि तव्यासारखं तापलेलं. तिने आणि सोनलने त्यांना टबात ठेवलं. वैजयंतीने त्यांच्या छातीवर हात दाबत राहून खूप वेळ प्रयत्न केला. शेवटी तिने मान हलवली आणि पुढच्या माणसासाठी टब मोकळा करायला सांगितलं. ऋजुताने स्वतः त्यांना उचलून पडवीच्या भिंतीशी निजवलं.

तुषार आला तेव्हा त्याचा शर्ट कोरडा होता.

त्या दुपारी खारवलीत सतरा माणसं गेली. टबातून वाचलेले कितीतरी जास्त होते, पण वाचलेल्यांची बातमी होत नाही. अप्पांचं तेरावं व्हायच्या आत तुषार त्याच वाहिनीवर बसलेला ऋजुताने पाहिला. डोळे सुजलेले होते, आवाज खरोखरच भरून आला होता. तो म्हणाला, "शास्त्रज्ञ टक्केवारीत बोलतात. आम्हा साध्या माणसांना त्यातलं काय कळणार? आम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर माझे वडील आज असते."

आणि निवेदक, तोच निवेदक, कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "प्रश्न हा आहे, की शास्त्रज्ञ गप्प का होते?"

ऋजुताने फोन बंद केला. अप्पांच्या फोटोला हार घालायचा होता तो घातला, चुलीवरचं दूध उतरवलं आणि कपड्यांची बॅग भरून ती बंदरावरच्या आपल्या माहेरच्या बंद घरात राहायला गेली.

चौकशी समिती तालुक्याच्या सभागृहात बसली. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते. वैजयंतीला त्यांनी उभंच ठेवलं.

"तुम्ही दहात आठ म्हणालात. लाट नक्की येणार असं का नाही म्हणालात?"

"कारण ते खरं नव्हतं."

"पण तसं म्हणाला असता तर लोकांनी ऐकलं असतं."

"गेल्या वर्षी दहात सहा म्हटलं आणि लाट आली नाही, तर मला खोटारडी ठरवलंत. या वर्षी दहात आठ म्हटलं आणि लाट आली, तर कमी बोलले म्हणून दोष देताय. मी नेमकं काय बोलायचं होतं ते तुम्हीच सांगा."

"तुमची भाषा सामान्य माणसाला समजेल अशी नव्हती, असा आक्षेप आहे."

मागे बसलेली ऋजुता उभी राहिली. तिचं नाव पुकारलं नव्हतं.

"माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात तिने माठ दाखवून सांगितलं," ती म्हणाली. "माझे सासरे सातवी शिकलेले होते. त्यांना कळलं. माझ्या नवऱ्याला तर इतकं कळलं की दुसऱ्याच दिवशी त्याने पाहुण्यांसाठी एसीची केबिन मागवली. ती भाड्याने देणारा माणूस बाहेर बसलाय, त्याला विचारा. त्या केबिनमध्ये प्रायोजक होते, मागून आलेले मंत्री होते, हवामान बदल थोतांड आहे म्हणणारे ते गृहस्थही होते. त्यांच्यातल्या एकालाही साधी चक्कर आली नाही. शास्त्रज्ञांवर कुणाचा विश्वास नव्हता म्हणता? त्या केबिनमधल्या प्रत्येकाचा होता. फक्त लोकांनी ठेवू नये अशी त्यांची इच्छा होती."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी तुषारकडे बघितलं. "हे खरं आहे?"

तुषारने एकदा बायकोकडे पाहिलं. "मला कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कदाचित नाही येणार. दहात दोन."

तो खरं बोलला, एवढं ऋजुताने मनाशी मान्य केलं. घरी मात्र ती परत गेली नाही.

अहवाल आला. त्यात केबिनचा उल्लेख एका तळटीपेत होता. मुख्य निष्कर्ष असा, की शास्त्रज्ञांनी धोक्याची माहिती जनतेपर्यंत पुरेशा स्पष्टपणे पोचवली नाही. वैजयंतीला माध्यमांशी बोलायला मनाई झाली. यंत्रणेचे इशारे पुढे कुणाच्याही नावाशिवाय, सरकारी भाषेत येऊ लागले आणि ते पूर्वीपेक्षा कमी लोक वाचू लागले.

दिवाळीनंतर पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची बैठक देवळाच्या सभागृहात भरली. तुषारने अध्यक्षपद सोडलं होतं. तो मागच्या रांगेत बसला होता. मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून ऋजुताला बोलावणं होतं. टब ओढणाऱ्या कोळणींपैकी दोघी आल्या होत्या. सोनलही होती.

सुरुवातीला सगळे पहाटेच्या वेळेबद्दल बोलत होते. मग कुणीतरी प्रायोजकांचा विषय काढला. मग कुणीतरी म्हणालं, यंदा झालं म्हणून पुढच्या वर्षी होईलच असं नाही. किनाऱ्यावर लॉज चालवणारे सदानंद सामंत म्हणाले, की असं प्रत्येक इशाऱ्याला घाबरत बसलो तर गाव बसेल, आणि शेवटी या शास्त्रज्ञांना तरी कुठे सगळं कळतं. दोन-चार माना डोलल्या. सतरा घरांतली माणसं जाऊन सहा महिने झाले होते.

ऋजुता पुढे आली. तिने माईक घेतला नाही.

"दुपारचा सामना ठेवू," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. ज्यांना दुपार हवी त्यांनी हात वर करा. मात्र ज्याचा हात वर असेल त्याने त्या दिवशी प्रेक्षकांत, मांडवाच्या मधोमध बसायचं. आईवडिलांना शेजारी घेऊन. केबिन नसेल."

मागच्या रांगेत तुषारने मान खाली घातली. मघाशी माना डोलावणाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

एकच हात वर आला. सदानंद सामंतांचा.

"तुमची आई कुठे असते, सदाभाऊ?"

"ती पुण्याला. धाकट्याकडे."

कुणी हसलं नाही.

"मग तिला बोलावून घ्या," ऋजुता म्हणाली, आणि हात खाली येईपर्यंत तिथेच, त्यांच्यासमोर, उभी राहिली.